समुद्रतळीची मंगळुरी कौले

मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी ह्या बंगळुरच्या वस्त्या १८९८ च्या प्लेगनंतर आकारास आल्या. तेथील जी थोडी जुनी घरे अद्याप उभी आहेत, त्यांची तांबडी मंगळुरी कौले बदलीवर आलेल्या आम्हां मराठी मंडळींना परकी वाटत नाहीत. रत्नागिरीपासून कारवारापर्यंत अशाच कौलांखाली आपल्यापैकी कित्येकांचे बालपण गेले आहे. पैकी जुन्यात जुन्या कौलांवर ‘बासल मिशन टाइल वर्क्स’ हा छाप आढळतो. स्वित्झर्लंडमधील बासल येथील धर्मप्रसारक मंगळुरास आले आणि धर्माच्या जोडीला विणकाम व कौले ह्यांचे कारखाने काढून बसले. धर्म किती पसरला हे इतिहासकारांनी ठरवावे. कौले मात्र सर्वत्र पोहोचली.

ती समुद्राच्या तळाशीही पोहोचली आहेत. गोव्यात मुरगावच्या बाहेर सेंट जॉर्ज रीफ नावाचा खडक आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांना तेथे पाण्याखाली छपराची कौले, फरशा, धुराड्याच्या विटा आणि ग्रीक-रोमन धर्तीची पानाफुलांची नक्षी असलेले भाजक्या मातीचे स्तंभशीर्ष सापडले. त्यांवर त्याच कारखान्याचे नाव व १८६५ हा आकडा होता. घाईने वाचणारा म्हणेल, जहाज १८६५ साली बुडाले. पण हे साल कारखान्याचे आहे. ते कौल भाजल्याचे साल नव्हे, आणि पुढील कित्येक वर्षे तोच छाप उमटत राहिला. त्यावरून जहाज १८६५ पूर्वीचे नाही एवढेच निघते. दुसरी मर्यादा पहिल्या महायुद्धाने घालून दिली. त्या काळात मिशनची मालमत्ता सरकारजमा होऊन कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, तेव्हा जुन्या नावाचा माल त्यानंतर निघाला असण्याचा संभव कमी. लाकडाला समुद्रातील किडे खातात, लोखंड गंजते. भाजलेली माती तेवढी राहते.

असा अभ्यास आपल्याकडे रुजविला तो डॉ. शिकारीपुर रंगनाथ राव ह्यांनी. लोथलचे उत्खनन करणारे राव ते हेच. १९८१ साली त्यांनी गोव्याच्या ह्या संस्थेत सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू केले, आणि पुढे द्वारकेच्या समुद्रातील शोधामुळे त्यांचे नाव घरोघर पोहोचले. द्वारकेच्या काळाविषयी त्यांचे मत सर्वांस पटलेले नाही. तेथील दगडी नांगर व बांधकाम बऱ्याच अलीकडचे असावे असे त्याच संस्थेतील पुढील संशोधकांनी दाखविले, आणि आम्हांस त्यांचे म्हणणे अधिक सबळ वाटते. तथापि रावांचे मोठेपण त्या तारखेवर अवलंबून नाही. काठावर बसून पाणबुड्यांकडून वस्तू मागविण्याऐवजी पुरातत्त्वज्ञाने स्वतः पाण्यात उतरावे, हा पायंडा त्यांच्या पथकातून पडला. ३ जानेवारी २०१३ रोजी त्यांचे बंगळुरातच निधन झाले.

पाण्यात उतरावयाचे म्हणजे आधी श्वासाची सोय पाहावी लागते. आपण आत घेतलेल्या हवेत प्राणवायू शेकडा एकवीस असतो. बाहेर टाकतो तिच्यात सोळा-सतरा उरतो. नेहमीच्या नळकांड्यात ही उरलेली सारी हवा बुडबुड्यांवाटे वाया जाते, आणि दहा मीटर खोलीवर प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा लागते. ‘रीब्रीदर’ हे यंत्र तीच हवा पिशवीत परत घेते, चुन्याच्या क्षाराकडून तिच्यातील कर्बवायू शोषून घेते व खर्च झाला तेवढाच प्राणवायू तिच्यात घालते. हेन्री फ्लूस ह्या इंग्रजाने १८७८ च्या सुमारास असे यंत्र सिद्ध केले. १८८० च्या नोव्हेंबरात सेव्हर्न नदीखालील बुडालेल्या बोगद्यात अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुड्या ते पाठीस बांधून काळोखातून सुमारे हजार फूट चालत गेला. हवेची लांब नळी तेथे तरंगत्या लाकडांत अडकत असे. त्याने लोखंडी दार लावले. दोन झडपांपैकी एकीचा आटा मात्र उलटा होता, आणि बंद केली असे समजून ती त्याने उघडून ठेवली!

ह्या यंत्राचा घात वेगळाच. शुद्ध प्राणवायू खोलात विषासारखा होतो व माणसास झटके येतात. १९३९ साली थेटिस पाणबुडी बुडाल्यावर जे. बी. एस. हाल्डेन ह्यांनी हे स्वतःच्या शरीरावर अनुभवून पाहिले. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले आणि १९६४ साली भुवनेश्वरास वारले. आजच्या यंत्रांत प्राणवायू मोजणारी विजेची साधने असतात आणि हेलियम मिसळून शंभर मीटरांच्याही खाली जाता येते.

गोव्याच्या उथळ खडकांना एवढ्या सामग्रीची गरज नाही. पण जेथे विद्वान पोहोचतो तेथे हौशी संग्राहकही पोहोचतो, आणि उथळ पाण्यात तर तो आधी पोहोचतो. फायलीतून एखादा कागद पानक्रमांक न टिपता काढला तर पुढे काय होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. तळावरील वस्तूचेही तसेच आहे: ती कोठे, कशाशेजारी, कोणत्या थरात होती ही नोंद गेली की उरते ती दिवाणखान्यातील शोभेची वस्तू. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांची वस्तू पुरातन ठरते. सेंट जॉर्ज रीफवरील कौलेही आता त्यात बसतात. पण कौलाला पुरातन वस्तू मानावयास आपले मन सहसा तयार होत नाही.

मुरगावजवळच्याच सुंची रीफवर ह्याहून जुने, सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाज मिळाले. त्याच्या मालात हस्तिदंत होते, चिनी मातीची भांडी होती, ब्रह्मदेशातील मर्तबानकडील रांजणांचे तुकडे होते आणि पाणघोड्याचे दात होते. पाणघोडा आफ्रिकेचा, रांजण मर्तबानचे, आणि दोन्ही गोव्याच्या दारात एकाच खडकावर. हे सारे एका जागी पडलेले पाहिले म्हणूनच त्या जहाजाचा व्यापार कोठून कोठवर चालत होता ते कळले. सुटा दात कोणी घरी नेला असता, तर तो केवळ दात राहिला असता.