मतिमंद प्रौढांचे धंदेशिक्षण : थोडा पूर्वेतिहास

आमच्या छत्रपती संभाजीनगरातील उस्मानपुरा ही वस्ती दोन स्थळांमुळे परगावच्या मंडळींसही ठाऊक असते. एक संत एकनाथ रंगमंदिर आणि दुसरे शासकीय तंत्रनिकेतन. धंदा हाती लागावा म्हणून मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून मुले या तंत्रनिकेतनात येतात. परंतु याच वस्तीत, किंबहुना कोणत्याही शहराच्या कोणत्याही वस्तीत, अशीही काही घरे असतात की, जेथे पंचवीस-तीस वर्षांचा मुलगा सकाळी स्नान करून, केस विंचरून बसतो आणि त्याला जावयाचे असे कोठेच नसते. अठराव्या वर्षापर्यंत त्याची विशेष शाळा होती, पुढे ती संपली. त्याच्या हातांना काम शिकविता येते काय, आणि येत असल्यास ते कोणी व कसे शोधून काढले, याचा थोडासा इतिहास आज सांगावयाचा आहे.

आरंभ फ्रान्समध्ये झाला. इ. स. १८०० साली आव्हेरॉनच्या रानात सापडलेला एक मुका मुलगा पॅरिसला आणण्यात आला. नामांकित वैद्यांनी तो जन्मतःच जड असल्याचा निर्वाळा देऊन हात झटकले. परंतु इटार नावाच्या तरुण डॉक्टराने त्याला कित्येक वर्षे शिकविले. मुलगा बोलू लागला नाही, हे खरे. तथापि इटारच्या शिष्याने, सेगँ याने, त्या अपुऱ्या यशातून एक महत्त्वाचे सूत्र उचलले. ते असे की, बुद्धीचे दार बंद दिसले तर हात, डोळे आणि कान यांच्या वाटेने आत जावे. सेगँ पुढे १८५० च्या सुमारास अमेरिकेस गेला आणि तेथे या विद्येचा प्रसार झाला.

आपल्याकडे ही विद्या फार आडवळणाने आली. रोम येथे १९०० च्या सुमारास मतिमंद मुलांना शिकविताना डॉ. मारिया माँटेसरी यांनी सेगँचे ग्रंथ अभ्यासिले आणि त्याची साधने सुधारली. १९०७ मध्ये त्यांनी तीच पद्धत सामान्य मुलांकरिता वापरली आणि तिचे नाव जगभर झाले. १९३९ मध्ये त्या हिंदुस्थानात आल्या. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी तर त्यापूर्वीच या पद्धतीस आपल्या मातीत रुजविले होते. आज आपल्या बालवाडीत गुंड्या लावण्याची जी चौकट दिसते, तिचे मूळ ज्या मुलांच्या शिक्षणात होते, त्यांनाच आपण बालवाडीच्या दारात थांबवून ठेवले. शिक्षणाच्या इतिहासात यापरता मोठा उलटा न्याय मला तरी ठाऊक नाही.

कायद्याची दृष्टीही याहून उदार नव्हती. १९१२ च्या वेड्यांसंबंधीच्या कायद्यात वेडा आणि जन्मतः मंदबुद्धी या दोघांना एकाच व्याख्येत बसविले होते. रोग बरा होऊ शकतो, आणि मंदबुद्धी हा मुळी रोगच नव्हे, हा भेद कायद्याने मान्य करावयास १९८७ साल उजाडले. त्या वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व वगळले.

मधल्या काळात जे झाले ते बहुतांशी आईबापांनीच केले. मुंबईत १९४४ मध्ये जय वकील व त्यांचे पती होर्मसजी यांनी आपल्या दिना या मुलीकरिता स्वतःच्या घरातच शाळा सुरू केली. नाशिकच्या रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर काढले, तेही स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने. एका मुलाच्या काळजीतून शेकडो मुलांची सोय व्हावी, हा या क्षेत्राचा जणू शिरस्ताच आहे. सरकारने १९८४ मध्ये सिकंदराबादेस राष्ट्रीय संस्था स्थापन केली. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर वसलेल्या आम्हा मराठवाड्याच्या लोकांस ती मुंबईइतकी परकी वाटत नाही. आज तिचे नाव राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था असे आहे. नावे बदलली, आणि बदलावयास हवीच होती. मतिमंद हा शब्द मी येथे जुन्या सवयीने व इतिहासाच्या सोयीसाठी वापरीत आहे, त्यात उपमर्दाचा हेतू नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. शाळा निघाल्या, मुले वाढली, आणि प्रश्नही त्यांच्याबरोबर वाढला. इंग्लंडात १९५५ च्या सुमारास क्लार्क व हर्मेलिन या मानसशास्त्रज्ञांनी अगदी कमी बुद्ध्यंकाच्या प्रौढ माणसांना पुठ्ठ्याच्या पेट्या घडविणे, तारांना डाख देणे आणि सायकलचा पंप जोडणे ही कामे शिकविली. आरंभी त्यांची गती हास्यास्पद होती. परंतु सराव चालू ठेवल्यावर ती इतकी वाढली की, पहिल्या दिवसाचे काम पाहून शेवटच्या दिवसाचे अनुमान करणे सर्वथा चुकीचे ठरले. अमेरिकेत मार्क गोल्ड यांनी १९७२ मध्ये हेच अधिक नेटके दाखविले. सायकलचा पंधरा भागांचा ब्रेक त्यांनी अशा माणसांकडून जोडून घेतला, ज्यांना कामकरी म्हणून कोणी उभेही केले नसते. शिकणारा शिकला नाही तर शिकविणाऱ्याने दुसरी रीत शोधावी, असा त्यांचा आग्रह होता. आम्हा मास्तर लोकांना हा आग्रह थोडा झोंबणारा आहे!

ही दुसरी रीत म्हणजे काय, ते सांगितल्यावाचून प्रशिक्षकाच्या कामाची कल्पना येणार नाही. समजा, पुडीत दहा मेणबत्त्या भरावयाच्या आहेत आणि भरणाऱ्यास दहापर्यंत मोजता येत नाही. सामान्य शिक्षक आधी आकडे शिकवू पाहील आणि त्यात दोन वर्षे घालवील. प्रशिक्षक एक फळी घेतो व तीत दहा खाचा पाडतो. प्रत्येक खाचेत एक मेणबत्ती ठेवावयाची. खाच रिकामी उरली नाही की पुडी भरावयाची. मोजण्याचे काम फळीने केले, भरण्याचे माणसाने. कामाचे तुकडे पाडणे हा दुसरा भाग. लिफाफा करणे हे आपल्याला एक काम वाटते; प्रशिक्षकाला त्यात घडी, दाब, खळ, चिकटविणे, वाळविणे अशा अनेक पायऱ्या दिसतात. पुष्कळदा तो शेवटची पायरी सर्वांत आधी शिकवितो, म्हणजे शिकणाऱ्याच्या हातून पहिल्याच दिवशी एक वस्तू पुरी होते. आरंभी तो त्याच्या हातावर हात ठेवून काम करवितो, मग नुसता स्पर्श, मग बोट दाखविणे, मग शब्द, आणि शेवटी काहीच नाही. आपली मदत मागे घेण्याची ही कला मदत करण्याहून कितीतरी कठीण आहे. हिमरूच्या मागावर उस्तादाशेजारी बसून नुसत्या पाहण्याने व हाताने शिकलेल्या कारागिरांच्या या शहरास ती अगदीच अपरिचित असू नये.

मुंबईत १९९१ मध्ये डॉ. राधिके खन्ना यांनी ओम क्रिएशन्स ही संस्था उभारली. विशेष शाळेतून बाहेर पडलेल्या मुलींनी केलेले खाद्यपदार्थ व शोभेच्या वस्तू तेथे विक्रीस जातात. संरक्षित कार्यशाळा महाराष्ट्रात इतरत्रही निघाल्या. त्यांचा माल मात्र बहुधा दिवाळीच्या पणत्यांपाशी अडतो. आपण पणती घेतो ती दयेने घेतो, तिची घडण पाहून घेत नाही; आणि दया वर्षातून एकदाच येत असल्याने उरलेले अकरा महिने कार्यशाळेस बाजार नसतो. माझ्या मते खराब पणती परत करणारा गिऱ्हाईकच या मुलांना खरा कामकरी मानतो.

ज्यांना आईबापच नाहीत त्यांची गोष्ट याहून बिकट. बालगृहाचा कायदा अठराव्या वर्षी दार उघडून देतो. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अशा बेवारस मुलांना अठरानंतरही आपल्यापाशीच ठेवले, त्यांच्या हातांनी उजाड जमिनीवर झाडे वाढविली, आणि त्यांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा व्हावा म्हणून सरकारचे उंबरे झिजविले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कायद्याने इतके तरी केले आहे की, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये अशा प्रौढाचा पालक नेमण्याचे काम जिल्ह्यातील समितीकडे आले आणि तिच्यात जिल्हाधिकारी असतात. आपल्यामागे याचे कोण, या आईबापांच्या प्रश्नाचे निदान कागदी उत्तर तेथे मिळते. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांस चार टक्के जागा ठेविल्या. त्यांतील एक टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता इत्यादी प्रकारांकरिता मिळून आहे. खाजगी कारखान्यांवर सक्ती नाही. शेकडा पाच माणसे अशी असावीत म्हणून सरकारने त्यांस उत्तेजन द्यावे, एवढेच म्हटले आहे.

उस्मानपुऱ्याहून वाळूजची औद्योगिक वसाहत फार दूर नाही. वाहनांचे सुटे भाग तेथे बनतात, आणि ठराविक नट, ठराविक चकत्या पिशवीत भरण्याचे काम अशा कारखान्यांत निघतच असते. दहा खाचांची फळी करावयास कोणत्याही सुतारास एक तासाहून अधिक वेळ लागू नये.