धंदा कोणाच्या रक्तात असतो?

"आपल्या लोकांना धंदा जमत नाही, तो रक्तात असावा लागतो." वस्तीतल्या अभ्यासवर्गात हे वाक्य आम्ही कितीदा ऐकले असेल! बोलणारे बहुतेक आपलेच असतात. व्यापारी समाजांच्या यशोगाथा सांगणारी आजची पुस्तकेही हेच शिकवतात. पण हे 'रक्त' आले कुठून? आमचे उत्तर असे की, ते पुस्तकातूनच आले.

मनुस्मृतीचा आठवा अध्याय उघडा. कर्जावर दरमहा शेकडा व्याज किती घ्यावे? ब्राह्मणाकडून २, क्षत्रियाकडून ३, वैश्याकडून ४ आणि शूद्राकडून ५. दहावा अध्याय पुढे बजावतो की, ऐपत असली तरी शूद्राने धनसंचय करू नये. म्हणजे भांडवल सर्वांत महाग आणि ते साठवायलाही बंदी. ज्यांचे हात असे बांधले, त्यांनाच आज विचारतात, तुम्ही धंदा का केला नाही?

कौटिल्याच्या नावावरचे अर्थशास्त्र काही समतेचा ग्रंथ नाही. वर्णव्यवस्था तेही मानते. तरी व्याज सांगताना ते धोका बघते : साध्या कर्जाला दरमहा शेकडा सव्वा पण, व्यापाराला ५, जंगलातून माल नेणाऱ्याला १०, समुद्रावर जाणाऱ्याला २०. व्यापाराचा हिशेब जातीशिवाय मांडता येत होता, एवढे यातून सिद्ध होते.

पुस्तकांपेक्षा मोठा पुरावा दगडावर आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना पांडवांचे नाव चिकटवले आहे, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. कोणाकडे? गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एकीकडे २०००, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज होते २४०. त्यातून २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवला गेला.

थोडक्यात, हाताने काम करणारे विणकर त्या काळची बँक होते आणि राजाचा जावई त्यांचा ठेवीदार! हेच मालाचेही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात पैठण आणि तेरहून भडोचला जाणाऱ्या मालाची नोंद आहे. तेरच्या मालात कापड होते. ते विणणाऱ्या हातांची नावे मात्र त्या पुस्तकात नाहीत.

कोणी म्हणेल, याच उषवदाताने ब्राह्मणांनाही भरपूर दान दिले. दिलेच. तेव्हा विषमता नव्हती असा आमचा दावा नाही. कष्टकऱ्यांच्या संस्थेवर पैशाचा विश्वास टाकला जात होता, एवढाच आमचा मुद्दा आहे.

कोलंबिया विद्यापीठात शिकताना बाबासाहेबांनी प्राचीन भारतीय व्यापारावर लिहिले, ईस्ट इंडिया कंपनीच्या अर्थकारणावर लिहिले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. व्यापारावरचे ते लेखन महाराष्ट्र शासनाच्या १२व्या खंडात छापून आले, तेही १९९३ साली. आपण पुतळ्याला हार घालतो. हा खंड किती घरांत उघडला जातो?

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. आमच्या ओळखीच्या एका मुलीला शिलाई मशिनांसाठी कर्ज हवे होते. कागद पूर्ण होते. तरी बँकेतल्या साहेबांनी विचारले, "घरात कोणी धंदा केलाय का?" शेवटी तिने सावकाराकडून पैसे उचलले, दरमहा शेकडा ५ने. हा मनूने शूद्राला लावलेला दर आहे.

उपाय त्या शिलालेखातच आहे : एकत्र या, हिशेब चोख ठेवा, चारचौघांत नोंदवा. आपले बचतगट आणि पतसंस्था ही आजची श्रेणी आहे. पुढच्या अभ्यासवर्गात १२वा खंड घेऊन बसू. आणि रक्ताची गोष्ट कोणी काढली, तर त्याला त्रिरश्मीच्या पायऱ्या चढायला लावू.

जयभीम!