ग्राफिक्स एपीआय आणि जुने हार्डवेअर

ग्राफिक्स एपीआय म्हणजे गेम आणि ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर यांच्यामधला ठरीव आज्ञासंच. कोणती वस्तू काढायची, तिच्यावर कोणते टेक्स्चर चढवायचे, उजेड कुठून पाडायचा, हे गेम या आज्ञांतून सांगतो आणि ड्रायव्हर त्या आज्ञा कार्डाला कळतील अशा सूचनांत उतरवतो. मायक्रोसॉफ्टचे डायरेक्टएक्स, क्रोनॉस गटाकडे असलेले ओपनजीएल व व्हल्कन आणि ॲपलचे मेटल हे यांतले प्रमुख. २०१३ ते २०१६ या काळात या क्षेत्रात पिढी बदलली आणि नव्या एपीआयमुळे जुने संगणकही वेगाने गेम चालवू लागतील, अशी आशा निर्माण झाली. ती अंशतःच खरी ठरली. एपीआयने कार्डाची ताकद वाढत नाही. कोणते काम कोणी करायचे, एवढेच बदलते. जुन्या संगणकाचा फायदा-तोटा या वाटणीवर ठरतो.

पार्श्वभूमी : ओपनजीएल १९९२ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीकडून आले, तर डायरेक्टएक्स ११ हे २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर आले. या जुन्या एपीआयमध्ये बहुतेक भार ड्रायव्हर वाहतो. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात हजारो वस्तूंसाठी 'ड्रॉ कॉल', म्हणजे वस्तू काढण्याच्या आज्ञा, द्यावे लागतात. ड्रायव्हर प्रत्येक कॉलपाशी थांबून आज्ञा योग्य आहे का, मधल्या काळात काही बदलले का, लागणारे टेक्स्चर कार्डाच्या मेमरीत आहे का, हे तपासतो. हे काम मुख्यतः प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालते. परिणामी एक कोअर घामाघूम, बाकीचे जवळपास रिकामे आणि ग्राफिक्स कार्ड आज्ञांची वाट पाहत ताटकळलेले, असे चित्र अनेक गेममध्ये दिसे.

२०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांत एएमडीचे मंद गतीचे आठ कोअर होते, पण गेम बनवणाऱ्यांना हार्डवेअरवर जवळून ताबा मिळत होता. तसाच ताबा पीसीवरही हवा, या मागणीतून एएमडीने सप्टेंबर २०१३ मध्ये मँटल जाहीर केले. 'बॅटलफिल्ड ४' या गेममध्ये ते जानेवारी २०१४ अखेर उपलब्ध झाले. मेटल जून २०१४ मध्ये जाहीर झाले. डायरेक्टएक्स १२ जुलै २०१५ मध्ये विंडोज १० सोबत आले, तर मँटलच्या पायावर उभे राहिलेले व्हल्कन फेब्रुवारी २०१६ मध्ये आले. २०१५ मध्येच एएमडीने गेम बनवणाऱ्यांना मँटलऐवजी या दोन एपीआयकडे वळण्याचा सल्ला दिला.

कार्यपद्धती : नव्या एपीआयमध्ये ड्रायव्हर पातळ होतो. आज्ञांच्या याद्या अनेक कोअरवर एकाच वेळी तयार करता येतात. शेडर (कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम) आणि चित्रणाच्या इतर सेटिंग्जचा एकत्रित संच आधीच कम्पाइल करून ठेवायचा असल्याने दर कॉलला तपासणी लागत नाही. मात्र मेमरीत काय ठेवायचे, काय काढायचे आणि कोणते काम संपल्याशिवाय कोणते सुरू करायचे नाही, हे आता गेमने पाहायचे असते. पूर्वी ही जबाबदारी कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या ड्रायव्हर-अभियंत्यांची होती.

फायदा कुठे : प्रोसेसर दुबळा आणि कार्ड त्या मानाने दणकट, अशा जोडीला सर्वाधिक लाभ होतो. २०१२ चा एएमडी एफएक्स-८३५० हा ठळक नमुना. त्याचा एकेक कोअर मंद, पण कोअर आठ. डायरेक्टएक्स ११ खाली त्यातले बरेचसे वाया जात. काम वाटले गेल्यावर ते कामी आले.

कार्डांमध्ये लाभ झाला तो मुख्यतः २०१२ पासून बाजारात असलेल्या 'ग्राफिक्स कोअर नेक्स्ट' रचनेच्या, एएमडीच्या रेडिऑन कार्डांना. एचडी ७९७० हे त्यांतले पहिले. या रचनेत चित्रणाचे आणि गणनेचे काम समांतर चालवण्याची सोय होती, पण डायरेक्टएक्स ११ मधून ती गेमच्या हाती येत नव्हती. मे २०१६ मध्ये आलेला 'डूम' हा गेम आधी ओपनजीएलवर चालत असे. जुलैमध्ये त्यात व्हल्कनची भर पडली आणि रेडिऑन कार्डांवर फ्रेमसंख्या ठळकपणे वाढली. एनव्हिडियाच्या जीफोर्सवर फरक त्या मानाने माफक होता. हे सगळे श्रेय व्हल्कनचे नव्हे. एएमडीचा ओपनजीएल ड्रायव्हर मुळात मागे होता आणि एनव्हिडियाने जुन्या एपीआयच्या ड्रायव्हरवर बरीच मेहनत आधीच घेतलेली होती. ज्याचा ड्रायव्हर कमकुवत, त्याची नव्या एपीआयमुळे होणारी सुधारणा मोठी दिसते.

तोटा कुठे : कार्डच थकलेले असेल, तर प्रोसेसरचा भार हलका करून काही हाती लागत नाही. उलट तीन अडचणी पुढे येतात.

पहिली मेमरीची. डायरेक्टएक्स ११ मध्ये दोन जीबीच्या कार्डावर जागा अपुरी पडली, तर ड्रायव्हर वर्षानुवर्षांच्या अनुभवाने काय आत ठेवायचे ते ठरवून निभावून नेतो. डायरेक्टएक्स १२ मध्ये गेमने हा हिशेब नीट मांडला नसेल, तर टेक्स्चर सारखी आत-बाहेर होतात आणि गेम झटके देतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) बरा दिसतो, पण खेळताना अडखळणे जाणवते.

दुसरी शेडरची. लागणारे संच आधी कम्पाइल केलेले नसतील, तर नवा शत्रू किंवा नवा स्फोट पहिल्यांदा दिसताच गेम क्षणभर गोठतो. हे टाळण्यासाठी अनेक गेम पहिल्या वेळी सुरू होतानाच शेडर कम्पाइल करून घेतात. २०२३ मध्ये पीसीवर आलेल्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' मधली ही प्रतीक्षा बरीच गाजली. हे काम प्रोसेसरचे असल्याने चार कोअरच्या जुन्या संगणकावर प्रगतिपट्टी फार सावकाश सरकते आणि ड्रायव्हर अपडेट केल्यावर सहसा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

तिसरी जुळवणीची. हार्डवेअरजवळ लिहिलेला कोड लिहिताना समोर असलेल्या कार्डांसाठी घासूनपुसून घेतलेला असतो. सप्टेंबर २०१४ चे रेडिऑन आर९ २८५ हे सुधारित रचनेचे कार्ड होते, तरी आधीच लिहिल्या गेलेल्या मँटल गेममध्ये ते मागे पडले. याच न्यायाने, नव्या कार्डांवर पारखलेला गेम २०१२ च्या केप्लर पिढीच्या जीफोर्सवर चांगला चालेलच असे नाही. 'राइज ऑफ द टूम रेडर'ला मार्च २०१६ मध्ये डायरेक्टएक्स १२ मिळाले, तेव्हा सुरुवातीच्या अनेक चाचण्यांत डायरेक्टएक्स ११ च सरस ठरले.

नावापुरता आधार : खोक्यावर डायरेक्टएक्स १२ छापले म्हणजे त्यातल्या सगळ्या सोयी मिळतात असे नव्हे. एपीआयची आवृत्ती वेगळी आणि कार्डाची 'फीचर लेव्हल', म्हणजे त्यात असलेल्या सोयींची पातळी, वेगळी. डायरेक्टएक्स १२ हे ११_० लेव्हलच्या कार्डावरही चालते. पण गेमने १२_० मागितली, तर केप्लर कार्डावर तो सुरूच होत नाही. २०१० च्या फर्मी पिढीच्या जीफोर्स कार्डांना डायरेक्टएक्स १२ प्रत्यक्षात मिळाले ते २०१७ मध्ये, व्हल्कन कधीच मिळाले नाही. दिलेला आधार काढूनही घेतला जातो. चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांतील अंगभूत ग्राफिक्सवर डायरेक्टएक्स १२ चालत असे. सुरक्षेतील त्रुटी आढळल्यावर इंटेलने पुढच्या ड्रायव्हरमधून ते बंद केले. ॲपलनेही मॅकओएसच्या २०१८ मधील मोहावे आवृत्तीपासून मेटल चालवणारे ग्राफिक्स बंधनकारक केले आणि २०११ पर्यंतचे बहुतेक मॅक मागे राहिले.

उंबरठा : २०२० मध्ये जाहीर झालेल्या डायरेक्टएक्स १२ अल्टिमेटमध्ये रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून केलेले चित्रण) आणि मेश शेडर (वस्तूंचा आकार कार्डावरच घडवणारे शेडर) यांचा समावेश आहे. मेश शेडर जीफोर्स जीटीएक्स १० मालिकेत आणि रेडिऑन आरएक्स ५००० मालिकेत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला 'ॲलन वेक २' मेश शेडरवर विसंबून असल्याने या कार्डांवर रखडत चाले. मार्च २०२४ च्या अपडेटने मेश शेडर नसतानाचा पर्यायी मार्ग सुधारला आणि याच कार्डांवर वेग बराच वाढला. बनवणाऱ्यांनी लक्ष घातले तर जुन्या हार्डवेअरला किती मिळू शकते, हे यातून दिसते. डिसेंबर २०२४ च्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'मध्ये मात्र असा मार्गच नाही. हा व्हल्कनवर चालणारा गेम रे ट्रेसिंगचे हार्डवेअर असल्याशिवाय सुरू होत नाही.

जुन्या गेमना नवे एपीआय : या एपीआयचा जुन्या संगणकांना झालेला वेगळाच उपयोग म्हणजे रूपांतर. २०१८ मध्ये पुढे आलेले डीएक्सव्हीके हे मुक्त सॉफ्टवेअर डायरेक्टएक्सच्या जुन्या आवृत्त्यांच्या आज्ञा व्हल्कनमध्ये बदलते. व्हॉल्व्हच्या प्रोटॉन या लिनक्ससाठीच्या साधनात ते असल्याने विंडोजचे हजारो गेम लिनक्सवर चालतात. २००८ चा 'जीटीए ४' अधिक सुरळीत चालावा म्हणून विंडोजवरही कित्येक जण ते वापरतात. यालाही मर्यादा आहे. नोव्हेंबर २०२२ च्या डीएक्सव्हीके २.० ला व्हल्कन १.३ लागते आणि केप्लरचा शेवटचा ड्रायव्हर तिथवर पोहोचत नाही. अशा कार्डांना १.१०.३ ही आवृत्ती वापरावी लागते. एचडी ७९७० चे नशीब बरे. एएमडीने २०२१ मध्ये त्याचे नवे ड्रायव्हर थांबवले, तरी लिनक्सवरील मेसा प्रकल्पाच्या मुक्त ड्रायव्हरने त्याला व्हल्कन १.३ मिळते.

निवड : गेमने एपीआय निवडण्याची सोय दिली असेल, तर गर्दीचा एकच प्रसंग दोन्हींवर चालवून पाहावा आणि सरासरी एफपीएसपेक्षा झटक्यांकडे लक्ष द्यावे. शेडर कम्पाइल होण्यास वेळ लागत असल्याने पहिल्या फेरीवरून निष्कर्ष काढू नये. कार्डाचा वापर शंभर टक्क्यांच्या बराच खाली असेल, तर अडचण बहुधा प्रोसेसरची असते आणि डायरेक्टएक्स १२ किंवा व्हल्कन लाभते. कार्ड पूर्ण राबत असेल किंवा मेमरी दोन जीबीच असेल, तर डायरेक्टएक्स ११ बरे. मायक्रोसॉफ्टने ते बंद केलेले नाही. विंडोज ११ मध्येही ते आहे.