पटकथेचे शिक्षण : बंगळूरची पदविका आणि तेंडुलकर

गोविंद निहलानी यांनी १९६२ साली बंगळूरच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमधून पदविका घेतली ती छायाचित्रणाची, पटकथालेखनाची नव्हे. ती बाजू पुढे मराठी नाटककाराने सांभाळली. 'आक्रोश' (१९८०) या निहलानींच्या पहिल्या दिग्दर्शित चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद मात्र सत्यदेव दुबे यांचे. भाषा हिंदी असल्याने ही विभागणी सोयीची होती, हे खरेच. परंतु संवादांसाठी ख्यातनाम असलेल्या लेखकापाशी त्यामुळे केवळ दृश्यरचना उरली. लहान्या भिकू जवळजवळ अखेरपर्यंत बोलत नाही. त्याचे मौन कॅमेऱ्यालाच वाचावे लागते. रंगभूमीवर असे दीर्घ मौन पेलणे कठीण. पटकथेचे पदव्युत्तर शिक्षण म्हणावे ते तेंडुलकरांना विद्यापीठात नव्हे, अशा सहकार्यातच लाभले. 'अर्धसत्य'साठी (१९८३) श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही मराठी कथा हाती घेताना ते नवशिके राहिले नव्हते.