परदेशी भूत, गावची भूक

नारायण धारपांची पुस्तकं आमच्या गावात विकत कुणी घेत नव्हतं. तालुक्याच्या वाचनालयातून एकजण आणायचा आणि परत जायच्या आत ती पाच-सहा जणांच्या हातून फिरायची. दिवसा बांधावर बसून वाचणारा गडी रात्री राखणीला एकटा जायला नको म्हणायचा.

धारप १९२५ साली जन्मले, २००८ साली गेले. त्यांनी कित्येक परदेशी कथा आपल्या मातीत आणून लावल्या, हे तवा आम्हाला कुठं ठाऊक? त्यांची 'लुचाई' ही कादंबरी स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या १९७५ सालच्या कादंबरीवर बेतलेली. किंगला ती सुचली ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला'वरून. रक्त पिणारा उमराव युरोपातून निघाला, अमेरिकेत थांबला आणि मराठी गावात येऊन उतरला.

वाटेत त्याला रेडिओनंही हात दिला. ११ जुलै १९३८ रोजी न्यूयॉर्कला ऑर्सन वेल्स या २३ वर्षांच्या पोरानं आपली रेडिओमालिका 'ड्रॅक्युला'नंच सुरू केली. रेडिओला चित्र नाही. दार करकरलं, कुत्रं रडलं, की पुढचं ज्याचं त्यानं बघायचं. आमच्याकडं रात्री श्रुतिका लागली की असंच व्हायचं. प्रत्येकाला भूत आपल्याच वाड्यातलं, आपल्याच विहिरीतलं दिसायचं.

धारपांची 'आजी' ही कथाही किंगच्याच एका कथेवरची. घरात एकटं पोर आणि अंथरुणाला खिळलेली भयंकर म्हातारी. या कथेवरून सुचून राही अनिल बर्वे यांनी 'तुंबाड' सिनेमा केला. राही हे लेखक अनिल बर्वे यांचे चिरंजीव. पहिला खर्डा त्यांनी १९९७ साली लिहिला. असल्या गोष्टीला पैसा घालायला कुणी धजेना. शेवटी नट सोहम शाह स्वतःच निर्माता झाला. २०१२ साली चित्रीकरण सुरू झालं, तेही खऱ्या पावसात. माऊलींची पालखी आमच्या पंढरपूरला येताना ज्या सासवडला मुक्काम करते, तिथल्या जुन्या वाड्यातही ते झालं. सिनेमा लागला १२ ऑक्टोबर २०१८ ला. २०२४ साली पुन्हा लावला, तर पहिल्यापेक्षा जास्त चालला. नाव तेवढं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं. गोष्टीचा संबंध नाही.

मला त्यात धरून ठेवलं ते हस्तरनं. देवीचा हा पहिला मुलगा. तिच्याकडं सोनंही अमाप, धान्यही अमाप. यानं सोनं बळकावलं. धान्याला हात घालायला गेला, तवा बाकीच्या देवांनी त्याला मारला. आईनं वाचवलं, पण धान्य त्याला कधी मिळालं नाही. म्हणून तो भुकेला. माणूस दोरावरून खाली उतरतो, पिठाची बाहुली पुढं टाकतो आणि हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातली मोहर पळवतो.

किंगच्या कथेत धान्य नाही, मोहरा नाहीत. ही भर आपल्या मुलखातली. आमच्याकडं ज्वारी पेवात ठेवायचे. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार, तोंड लहान आणि पोट मोठं. बंद पेवातली हवा कुजते. उघडल्या उघडल्या आत उतरलेला माणूस गुदमरून मरायचा. म्हणून आधी कंदील सोडून बघायचे. विझला तर उतरायचं नाही. पोरं तोंडाशी जाऊ नयेत म्हणून म्हाताऱ्या म्हणायच्या, "आत बसलंय, वढून घेतंय." धान्याच्या ढिगावर मरण बसलेलं असतं, हे आम्हाला सिनेमाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक.

१९७२ च्या दुष्काळात पेवंही रिकामी झाली. बायामाणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. रेशनला परदेशातली तांबडी मिलो ज्वारी आली, पोरांना सुकडी मिळाली. तवा कित्येक घरांतलं डोरलं, पाटल्या सोनाराकडं गेल्या आणि बदल्यात पायलीनं धान्य आलं. सोनं खाता येत नाही, ते त्या साली सगळ्यांना कळलं.

माझा नातू मोबाईलवर 'तुंबाड' बघताना हस्तरला भिऊन माझ्याजवळ सरकला. मी त्याला म्हटलं, "भिऊ नको बाळा, त्याला पोटाला मिळालेलं नाही." मग पेव कसलं असतं, ते त्याला सांगत बसलो. गावात दाखवायला आता एकही उरलेलं नाही.