माणसाचं नाव, बोलीचं नाव



कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला आपण जातोच. देवळाला लागूनच लेणं आहे. त्यातल्या काही खांबांवर, तो खांब कोणी दान दिला ते कोरलेलं आहे. अक्षरं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, ब्राह्मी, भाषा प्राकृत. त्या दात्यांमध्ये काही ‘यवन’ आहेत. यवन म्हणजे मुळात ग्रीक. त्यांच्या आयोनिया नावाच्या मुलखावरून हा शब्द आला. पुढे आपल्याकडे तोच शब्द मुसलमानांनाही लावला गेला. माणसं वेगळी, नाव तेच.

आता वडगावला येऊ. जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी इथे इंग्रज फौजेला कोंडीत पकडलं आणि तह करायला लावला. पण ‘इंग्रज’ हे नाव काही त्यांनी स्वतः सांगितलेलं नाही. ते स्वतःला इंग्लिश म्हणवतात. त्यांच्या आधी आलेले पोर्तुगीज त्यांना ‘इंग्लेस’ म्हणायचे, त्याचं आपल्याकडे ‘इंग्रज’ झालं. हेच पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोचले. तिथे याच शब्दावरून इंग्लंडला ‘इगिरिसु’ म्हणू लागले. बी एकच, रोपं दोन शिवारांत.

तळेगाव-चाकणकडे जपानी कंपन्या आल्यापासून जपानी भाषा आपल्याही कानावर येते. तिची रीत सोपी आहे. देशाच्या नावाला ‘जिन’ जोडलं की माणूस, ‘गो’ जोडलं की भाषा. निहोन म्हणजे जपान. निहोनजिन म्हणजे जपानी माणूस, निहोनगो म्हणजे जपानी भाषा. आपण भारतातल्या, म्हणून ‘इन्दोजिन’. पण आपल्या भाषेला ‘इन्दोगो’ म्हणून चालत नाही, कारण इथे भाषा कितीतरी! म्हणून आपली ती ‘मरातीगो’. देश कळला म्हणजे भाषा कळली, असं होत नाही.

तसंच गावाचंही आहे. गाव एक म्हणून बोली एक नसते. कातकरी हे नाव खैराचा कात काढण्याच्या कामावरून पडलं. ते काम मागे पडलं, नाव राहिलं. त्यांची स्वतःची बोली आहे. आपण मात्र ‘अशुद्ध मराठी’ म्हणून मोकळ्या होतो. मग त्या घरातलं पोर शाळेत तोंड उघडायला लाजतं.

तेव्हा पुढच्या बैठकीत शेजारच्या कातकरी ताईंना विचारूया, “ताई, तुमच्या बोलीला तुम्ही काय म्हणता?” त्या जे नाव सांगतील, तेच आपणही घेऊया.