ग्राफिक्स कार्ड
संगणकाच्या पडद्यावरील प्रतिमांचे गणन करणारा इलेक्ट्रॉनीय मंडलांचा फलक. आयबीएमच्या १९८१ मधील वैयक्तिक संगणकात त्याचे कार्य अक्षरे व साध्या आकृत्या यांपुरते होते. थ्रीडीएफएक्स कंपनीच्या ‘व्हूडू’ने (१९९६) त्रिमितीय खेळांना गती दिली, एनव्हिडियाच्या ‘जीफोर्स २५६’ने (१९९९) आकारांचे रूपांतर व प्रकाशयोजना यांचे गणनही मुख्य संस्कारकाकडून स्वतःकडे घेतले.

पुढे क्षमतेबरोबर विजेची गरज वाढली. ‘जीटीएक्स १०८०’ला (२०१६) १८०, तर ‘आरटीएक्स ५०९०’ला (२०२५) ५७५ वॉट लागतात. ही वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. त्यामुळे उन्हाळ्यात तापमान ४०° से.पलीकडे जाणाऱ्या बीड जिल्ह्यासारख्या प्रदेशात पुरेसा वीजपुरवठा संच व हवेशीर पेटी यांचा खर्चही कार्डाच्या किंमतीत धरावा लागतो.

इथेरियम या आभासी चलनाच्या निर्मितीसाठी मागणी वाढून २०२१ मध्ये किंमती भडकल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाची पद्धती बदलताच ती मागणी संपली व दीर्घकाळ राबलेली कार्डे बाजारात आली. म्हणून जुने कार्ड घेताना पंखे, भाराखालील तापमान व उर्वरित हमी तपासणे इष्ट असते. निवडीचा मूळ निकष मात्र पडदा होय : ३,८४० × २,१६० बिंदूंच्या पडद्यावर १,९२० × १,०८० च्या चौपट बिंदू गणावे लागतात, लहान पडद्यास सर्वांत महाग कार्ड बहुधा अनावश्यक ठरते.